चौथा हिस्सा

सूर मला कळत नाहीत. खुर्च्या कळतात.
ऑक्टोबर ते मार्च, सहा मैफली,
जुन्या चर्चच्या दगडी दालनात
आठाच्या नऊ रांगा, बहात्तर खुर्च्या.
त्यातली एक लंगडी, ती मी भिंतीकडे लावतो
आणि तिच्यावर मीच बसतो.

ऑर्कनीत हिवाळ्यात साडेतीनलाच दिवे लागतात.
बत्तीस वर्षं मी बोटीच्या इंजिनखोलीत काढली.
निवृत्त झालो त्या आठवड्यात टॉमसिना लिंकलेटर दारात उभी,
"तुझी पाठ अजून शाबूत आहे ना?"
असा मी संगीत मंडळात आलो.

मंडळ म्हणजे टॉमसिना, बिस्किटांच्या डब्यातली तिची रोकड,
उजव्या कानानं बहिरा झालेला, तरी पियानो लावणारा
एडविन फूबिस्टर,
आणि एक हीटर.
हीटर गुणगुणतो.
एडविन म्हणतो, बेसूर तर आहेच, वर ठाम आहे.
म्हणून संथ भाग आला की मी उठून तो बंद करतो
आणि बहात्तर माणसं एकदम कोटाची बटणं लावतात.
एका पाहुण्या वादकाला वाटलं होतं, लोक निघाले.

फेब्रुवारीत चौघं यायची होती :
दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो.
व्हायोलावाली, इश्बेल मन्रो, मावशीकडे म्हणून
आदल्या दिवशीच येऊन राहिली होती.
बाकी तिघं स्क्रॅब्स्टरच्या धक्क्यावर अडकली.
वारा असा की बोटीनं सुटायचं नाव काढू नये.
मला विचाराल तर मीही सोडली नसती.

लोक मात्र आलेच. काठ्या टेकत,
टोप्या हातानं दाबून धरत,
एक जण तर ट्रॅक्टरवरून.
टॉमसिना डबा छातीशी धरून म्हणाली, आता काय?
"मी माझा भाग वाजवते," इश्बेल म्हणाली.
"कुठला?"
"माझा. चौघांतला माझा."

चार खुर्च्या मी मांडल्याच होत्या.
तीन तशाच राहिल्या.

तिनं सुरू केलं. सुरू म्हणजे काय,
एकच सूर, शिवणयंत्रासारखा, कितीतरी वेळ,
मग एक पायरी खाली,
मग पुन्हा तेच शिवण.
मग थांबली. गज मांडीवर.
ओठ हलत होते.
मोजत होती.

आणि त्या मोजण्यात वारा आत आला,
छपराचे दगड कुरकुरले, कुणी खोकलं,
एडविननं डावा कान पुढे केला,
त्याची बोटं गुडघ्यावर
तिथे नसलेल्या कुणाची तरी तान वाजवत होती.

मी आयुष्यभर इंजिन ऐकलं.
आठ सिलिंडर नीट चालतात तेव्हा
एकाचंही नाव कुणी घेत नाही.
एक बंद पडला की सगळी बोट त्याच्याबद्दल बोलते.
इथं सगळे बंद, एकच चालू,
आणि बोट, कशी कोण जाणे,
पुढे सरकत होती.

संथ भागात हीटर बंद करायचं मी विसरलो.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हीटरकडे पाहिलं,
आणि बोट तारेवर केसभर मागे घेऊन
त्याच्याशी जुळवून घेतलं.
शपथ.

दुसऱ्या दिवशी पैसे मागायला एकटा रेंडल आला.
"चारातला एक ऐकला. तीन हिस्से परत."
टॉमसिनानं नाणी मोजून दिली,
डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

मार्चमध्ये चौघं आली, वेगळी, ग्लासगोची.
उत्तम वाजवलं म्हणतात.
मी सगळा वेळ त्यात शिवणयंत्र शोधत होतो.
रेंडल पुढच्या रांगेत. मध्यंतरात मागे वळला,
"ती आतल्या बाजूची, तेच वाद्य ना?"
"असावं," म्हणालो,
आणि हीटर लावायला उठलो.